समाजवाद आणि सामाजिक लोकशाहीवाद : राजकीय चर्चेतील संज्ञासंभ्रमाची चिकित्सा

प्रस्तावना

राज्यशास्त्राच्या अध्यापनात काही संज्ञा अशा आहेत की, ज्यांचा वापर जितका वाढतो तितका त्यांचा अर्थ पातळ होत जातो. 'समाजवाद' ही अशीच एक संज्ञा होय. शासनाने धान्य स्वस्त दिले की त्यास समाजवाद म्हटले जाते, बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले की तोही समाजवाद ठरतो, आणि निवडणुकीपूर्वी रोख अनुदानाची घोषणा झाली तरी विरोधक त्यास समाजवादच म्हणतात. सोव्हिएत रशिया व स्वीडन ही दोन्ही उदाहरणे एकाच शीर्षकाखाली दिलेली अनेक उत्तरपत्रिकांत आढळतात. याचा दोष केवळ विद्यार्थ्यांकडे जात नाही. सार्वजनिक चर्चाच या दोहोंत भेद करीत नाही.

हा संभ्रम केवळ भारतीय नाही. २०१५ साली अमेरिकेत अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी उभे असलेले बर्नी सँडर्स यांनी आपल्या 'लोकशाही समाजवादा'चा आदर्श म्हणून डेन्मार्ककडे बोट दाखविले. त्याच वर्षी डेन्मार्कचे तत्कालीन पंतप्रधान लार्स लोक्के रासमुसेन यांनी हार्वर्ड विद्यापीठातील भाषणात, आपला देश समाजवादी नियोजित अर्थव्यवस्थेपासून फार दूर असून ती बाजारपेठीय अर्थव्यवस्थाच आहे, असा खुलासा केला. नोव्हेंबर २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या महापौरपदी निवडून आलेले जोहरान ममदानी हेही स्वतःस लोकशाही समाजवादी म्हणवितात. मात्र भाडेवाढीस स्थगिती, विनामूल्य बससेवा व बालसंगोपन या त्यांच्या प्रमुख मागण्या युरोपातील कोणत्याही सामाजिक लोकशाहीवादी पक्षाच्या जाहीरनाम्यात सहज सामावल्या असत्या.

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे तीन आहेत. एक, समाजवाद व सामाजिक लोकशाहीवाद यांतील भेद ऐतिहासिक क्रमाने स्पष्ट करणे. दोन, स्वीडनच्या उदाहरणावरून या भेदाची सीमारेषा नेमकी कोठे आहे ते तपासणे. तीन, भारतीय व विशेषतः महाराष्ट्रातील चर्चेत या भेदाकडे दुर्लक्ष झाल्याने काय हानी होते याची चिकित्सा करणे. त्यासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

संज्ञांची जडणघडण

प्रारंभी या दोन संज्ञांत भेद नव्हता, हे प्रथम लक्षात घेतले पाहिजे. १८७५ साली गोथा येथे लासालचे अनुयायी आणि बेबेल-लिब्कनेश्ट यांचा गट एकत्र येऊन जर्मनीतील कामगार पक्ष आकारास आला. कालांतराने त्याने 'सामाजिक लोकशाही पक्ष' हे नाव धारण केले, परंतु त्याचा १८९१ चा एरफुर्ट कार्यक्रम मार्क्सवादी होता. लेनिन ज्या पक्षात वाढले त्याचेही नाव 'रशियन सामाजिक लोकशाही कामगार पक्ष' असेच होते. १९१८ मध्ये बोल्शेविकांनी ते टाकून 'कम्युनिस्ट' हे नाव घेतले. म्हणजे विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत सामाजिक लोकशाहीवादी असणे म्हणजे समाजवादी असणेच होय.

एरफुर्ट कार्यक्रमातच मात्र फुटीचे बीज होते. त्याचा सैद्धांतिक भाग कार्ल काउत्स्की यांनी लिहिला होता व त्यात भांडवलशाहीच्या अंताचे भाकीत होते. व्यावहारिक भाग एडुआर्ड बर्नस्टाइन यांचा असून त्यात मताधिकार, आठ तासांचा दिवस, मोफत शिक्षण अशा मागण्या होत्या. पुढे १८९९ मध्ये बर्नस्टाइन यांनीच सैद्धांतिक भागावर शंका उपस्थित केली. मध्यमवर्ग नाहीसा होत नाही, भांडवलाची मालकी अपेक्षेप्रमाणे मोजक्या हातांत एकवटत नाही, तेव्हा पक्षाने क्रांतीची भाषा सोडून आपण सुधारणावादी आहोत हे मान्य करावे, असा त्यांचा आग्रह होता. रोझा लक्झेंबर्ग यांनी त्यास दिलेले उत्तर आजही मननीय आहे. सुधारणा व क्रांती हे एकाच मुक्कामाचे दोन मार्ग नसून, केवळ सुधारणेचा मार्ग निवडणारा वस्तुतः मुक्कामच बदलत असतो, असा त्यांच्या युक्तिवादाचा आशय होता.

पहिले महायुद्ध, रशियन क्रांती आणि १९१९ मध्ये स्थापन झालेले तिसरे इंटरनॅशनल यांनी ही फूट संघटनात्मक केली. १९५९ च्या बाड गोडेसबर्ग अधिवेशनात जर्मन पक्षाने बाजारपेठीय स्पर्धा व खाजगी मालकी यांना तत्त्वतः मान्यता दिली. ब्रिटनमधील मजूर पक्षास हेच करण्यास अधिक काळ लागला. उत्पादन साधनांच्या सामाईक मालकीचे १९१८ चे कलम ४ त्याने १९९५ साली बदलले.

या इतिहासावरून भेदाचा गाभा पुढीलप्रमाणे मांडता येईल. उत्पादन साधने कोणाच्या मालकीची असावीत, हा समाजवादाचा मूळ प्रश्न आहे. सामाजिक लोकशाहीवादाचा मूळ प्रश्न मात्र वेगळा आहे : मालकी खाजगी राहिली तरी मजुरी, कर, विमा व सार्वजनिक सेवा यांच्याद्वारे बाजाराची सत्ता माणसाच्या जीवनावर किती चालू द्यावी? पहिला विचार मालकीपासून आरंभ करतो, दुसरा वितरण व सौदाशक्तीपासून.

मराठीतील एक विशेष गुंता

मराठी वाचकाच्या बाबतीत यात आणखी एक अडचण आहे. 'सामाजिक लोकशाही' हे शब्द उच्चारताच आपल्यासमोर जर्मन वा स्वीडिश पक्ष उभा राहत नाही. आठवते ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे २५ नोव्हेंबर १९४९ चे संविधान सभेतील भाषण. राजकीय लोकशाहीखाली सामाजिक लोकशाहीचा पाया नसेल तर ती टिकणार नाही, असा इशारा त्यांनी तेथे दिला. स्वातंत्र्य, समता व बंधुता यांना जीवनतत्त्व मानणारी जीवनपद्धती, हा त्यांना अभिप्रेत असलेला अर्थ होता. त्याचा रोख प्रामुख्याने जातिव्यवस्थेकडे होता.

बाबासाहेबांचा आर्थिक कार्यक्रम मात्र निराळ्या नावाने व्यक्त झाला होता. १९४७ मधील 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात त्यांनी 'राज्य समाजवाद' मांडला. मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे, विमा राज्याच्या एकाधिकारात, शेती हा राज्याचा उद्योग व तिची सामुदायिक कसणूक, आणि ही सर्व व्यवस्था संविधानातच नमूद केलेली, असे तिचे स्वरूप होते. ही मांडणी मालकीच्या प्रश्नापासून सुरू होते. म्हणून वर दिलेल्या निकषानुसार ती निःसंशय समाजवादी आहे.

पुढे १५ नोव्हेंबर १९४८ रोजी प्रा. के. टी. शहा यांनी संविधानात 'समाजवादी' हा शब्द घालण्याची दुरुस्ती मांडली, तेव्हा मसुदा समितीचे अध्यक्ष या नात्याने बाबासाहेबांनी ती नाकारली. समाजाची आर्थिक रचना कशी असावी हे त्या त्या काळच्या लोकांनी ठरवावे, आणि त्या दिशेची तत्त्वे मार्गदर्शक तत्त्वांत आधीच आहेत, अशी त्यांची भूमिका होती. १९४७ व १९४८ च्या या भूमिकांत ताण आहे हे मान्य करावे लागेल. परंतु त्यांच्या लेखनातील 'सामाजिक लोकशाही' उचलून तिला युरोपीय पक्षपरंपरेचा पर्याय मानणे, अथवा त्या आधारे ते समाजवादाच्या विरोधात होते असे सुचविणे, दोन्ही चूक आहे. हा गोंधळ टाळण्यासाठी प्रस्तुत लेखात युरोपीय परंपरेस 'सामाजिक लोकशाहीवाद' असे संबोधिले आहे.

स्वीडन : सीमारेषेची कसोटी

भेद केवळ व्याख्येने सिद्ध होत नाही, त्याची कसोटी व्यवहारात लागते. स्वीडनच्या इतिहासात ही कसोटी प्रत्यक्ष लागलेली दिसते.

तेथील सामाजिक लोकशाही पक्ष १८८९ मध्ये स्थापन झाला आणि १९३२ पासून १९७६ पर्यंत, मधला अत्यल्प काळ वगळता, सत्तेवर राहिला. पेर आल्बिन हान्सन यांनी १९२८ मध्ये राष्ट्र हे सर्वांचे घर असावे, त्यात कोणी लाडका व कोणी सावत्र नसावा, ही कल्पना मांडली. १९३८ मध्ये सॉल्टशबादेन येथे कामगार महासंघ व मालक संघ यांच्यात मूलभूत करार झाला. उद्योगाचे व्यवस्थापन मालकाकडे राहील व कामगारांच्या संघटित सौद्यास मालक मान्यता देतील, हे त्यामागील सामंजस्य होते. चार दशके सत्ता असूनही या पक्षाने उद्योगांचे व्यापक राष्ट्रीयीकरण केले नाही. मोठे उद्योग खाजगी हातांतच राहिले.

या व्यवस्थेचे आर्थिक गणित १९५१ मध्ये कामगार महासंघाचे अर्थतज्ज्ञ योस्टा रेन व रुडॉल्फ माइडनर यांनी मांडले. कारखाना नफ्यात असो वा तोट्यात, समान कामास समान मजुरी हे त्याचे सूत्र. त्यामुळे अकार्यक्षम कारखाने बंद पडत. शासन तेथील कामगारांस प्रशिक्षण देऊन नव्या कामावर पाठवीत असे. यातून समता व उत्पादकता दोन्ही साधली. परंतु एक परिणाम अटळ होता. भरघोस नफ्यातील कंपन्या जी अधिक मजुरी देऊ शकल्या असत्या, ती समान मजुरीच्या धोरणामुळे द्यावी लागत नव्हती. कामगारांचा संयम भागधारकांची संपत्ती वाढवीत होता.

माइडनर यांनी यावर सुचविलेला उपाय म्हणजे 'वेतनधारक निधी'. मोठ्या कंपन्यांनी दरवर्षी नफ्याच्या २० टक्के इतक्या मूल्याचे नवे शेअर कामगारांच्या सामूहिक निधीस द्यावेत, अशी ही योजना होती. काही दशकांत कंपन्यांची बहुमताची मालकी या निधींकडे गेली असती. १९७६ च्या अधिवेशनात कामगार महासंघाने ही योजना टाळ्यांच्या गजरात स्वीकारली. येथे प्रथमच स्वीडिश कामगार चळवळीने वितरणाची रेषा ओलांडून मालकीच्या प्रदेशात पाऊल टाकले.

त्यानंतरच्या घडामोडी या विषयाच्या दृष्टीने फार बोलक्या आहेत. कर, निवृत्तिवेतन व विमा यांविषयी आजवर तडजोड करणाऱ्या मालकवर्गाने या योजनेस अभूतपूर्व विरोध केला. ४ ऑक्टोबर १९८३ रोजी स्टॉकहोममध्ये उद्योजक व त्यांचे समर्थक हजारोंच्या संख्येने रस्त्यावर उतरले. स्वतः पक्षाचे नेतृत्वही मनापासून योजनेच्या मागे नव्हते. त्याच वर्षअखेर संमत झालेल्या कायद्याने पाच मर्यादित निधी निर्माण झाले. कंपन्यांवर नियंत्रण मिळविण्याची मूळ कल्पना त्यात उरली नव्हती. १९९१ मध्ये सत्तेवर आलेल्या कार्ल बिल्ड्ट यांच्या शासनाने तेही मोडीत काढले.

यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, समाजवाद व सामाजिक लोकशाहीवाद यांत केवळ कमी-अधिक मात्रेचा फरक नाही. मात्रेचाच फरक असता तर उच्च कर सोसणाऱ्या मालकवर्गाने निधींनाही कुरकुरत का होईना मान्यता दिली असती. दुसरी, मालकी खाजगी राहिली की संपत्तीचे राजकीय बळही शिल्लक राहते. स्वीडनने २००५ पासून वारसा कर रद्द केला, तोही सामाजिक लोकशाही पक्षाच्याच शासनकाळात. २००७ मध्ये पुढील शासनाने संपत्ती करही काढून टाकला. रोझा लक्झेंबर्ग यांच्या इशाऱ्याचे मोल येथे पुन्हा जाणवते. तथापि कामगार संघटनांचे सभासदत्व तेथे आजही सुमारे दोन तृतीयांश श्रमिकांत टिकून आहे व सार्वजनिक सेवांची चौकट मोडलेली नाही, हेही विसरता कामा नये.

यावर एक आक्षेप संभवतो. नॉर्वेत इक्विनॉर या तेल कंपनीचे दोन तृतीयांश भागभांडवल राज्याकडे आहे आणि तेलाच्या उत्पन्नातून उभारलेला प्रचंड निधीही राज्याचा आहे. मग नॉर्वे समाजवादी नव्हे काय? आक्षेप गंभीर आहे. परंतु नॉर्वेचा निधी परदेशांतील शेअर बाजारांत सामान्य गुंतवणूकदाराप्रमाणे पैसा गुंतवितो. कंपन्यांची उत्पादनव्यवस्था बदलणे हा त्याचा हेतू नाही. म्हणून मालकीचा निकष 'मालक कोण' एवढ्यावर थांबविता येत नाही. उत्पादनाविषयीचे निर्णय कोण, कोणत्या हेतूने घेतो, हेही पाहावे लागते. अशी दुरुस्ती केल्यास निकष अधिक काटेकोर होतो.

भारतीय संविधानातील व्याख्याविहीन शब्द

भारतात 'समाजवादी' हा शब्द १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने उद्देशिकेत आला, पण त्याची व्याख्या झाली नाही. जनता पक्षाच्या शासनाने १९७८ मध्ये शोषणमुक्ततेच्या आधारे ती करण्याचा प्रयत्न केला. राज्यसभेने तो मान्य केला नाही. त्याच वेळी मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून वगळला गेला. १९८९ मध्ये लोकप्रतिनिधित्व कायद्यात आलेल्या कलम २९ अ नुसार, नोंदणी करू इच्छिणाऱ्या प्रत्येक राजकीय पक्षास समाजवादाच्या तत्त्वावर निष्ठा असल्याचे नमूद करावे लागते. मुक्त बाजारपेठेचा पुरस्कार करणाऱ्या पक्षासही ही अट लागू आहे. व्याख्या नसल्यानेच ही विसंगती निभावून जाते.

२०२४ च्या नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन निर्णयांनी या शब्दास काहीसा निश्चित अर्थ दिला. ५ नोव्हेंबरच्या निर्णयाचा उगम महाराष्ट्रातच होता. मुंबईतील जुन्या उपकरप्राप्त इमारती संपादित करण्याचा अधिकार म्हाडा कायद्यातील १९८६ च्या दुरुस्तीने दिला होता व त्यास मालमत्ताधारकांनी आव्हान दिले होते. नऊ न्यायाधीशांच्या पीठाने बहुमताने असे ठरविले की, अनुच्छेद ३९ (ख) मधील 'समाजाची भौतिक साधनसामग्री' या शब्दांत प्रत्येक खाजगी मालमत्ता येत नाही. न्या. कृष्ण अय्यर यांनी १९७७ मध्ये मांडलेले व्यापक मत त्यामुळे मागे पडले. २५ नोव्हेंबरच्या निर्णयात उद्देशिकेतील 'समाजवादी' हा शब्द वगळण्याची मागणी फेटाळण्यात आली. परंतु त्याचा भारतीय संदर्भातील अर्थ कल्याणकारी राज्य व संधीची समानता असा असून खाजगी उद्योगास त्याने बाध येत नाही, असेही सांगण्यात आले.

या दोन निर्णयांचा एकत्रित अर्थ असा की, शब्द 'समाजवाद' राहिला आणि आशय सामाजिक लोकशाहीवादाचा झाला. बाड गोडेसबर्ग येथे जे एका पक्षाने खुल्या चर्चेनंतर केले, ते आपल्याकडे न्यायालयीन अर्थनिर्णयाने घडले. याचे स्वागत करावे की खेद मानावा, याविषयी मतभेद असू शकतात. परंतु त्यावर विद्यापीठीय वर्तुळात व्हावी तेवढी चर्चा झाली नाही, हे नोंदविणे आवश्यक आहे.

आशय सामाजिक लोकशाहीवादाचा, पण आधार कोणता?

युरोपातील सामाजिक लोकशाहीवाद केवळ शासनाच्या सद्भावनेवर उभा नव्हता. त्यास संघटित कामगारवर्ग, व्यापक करपाया आणि हक्काच्या स्वरूपातील सार्वत्रिक सेवा असे तीन आधार होते. भारतात श्रमिकांपैकी सुमारे नऊ दशांश असंघटित वा अनौपचारिक स्वरूपाच्या कामात आहेत. नाशिकच्या तुरुंगातील चर्चांतून आकारास येऊन १९३४ मध्ये स्थापन झालेल्या काँग्रेस समाजवादी पक्षाच्या वारसदारांसमोर हीच अडचण होती. १९५३ मध्ये अशोक मेहता यांनी मागासलेल्या अर्थव्यवस्थेच्या राजकीय निकडीकडे लक्ष वेधून शासनाशी सहकार्याचा विचार मांडला, डॉ. राममनोहर लोहिया यांनी काँग्रेस व कम्युनिस्ट या दोहोंपासून समान अंतराचा आग्रह धरला. वाद कटू झाला, परंतु ज्या समाजात कारखान्यातील कामगार अल्पसंख्य आहे तेथे समतेच्या राजकारणाचा आधार कोण, हा त्यामागील प्रश्न आजही सुटलेला नाही.

या प्रश्नाचे एक आंशिक पण अस्सल उत्तर महाराष्ट्राने दिले. १९७२ च्या दुष्काळात विस्तारलेल्या व वि. स. पागे यांच्या पुढाकाराने साकारलेल्या रोजगार हमी योजनेस १९७७ मध्ये कायद्याचे रूप मिळाले. तिच्यासाठी १९७५ च्या कायद्याने व्यवसाय कर बसविण्यात आला व त्याच्या जोडीने राज्याने आपला वाटा उचलला. या योजनेने जमिनीची मालकी बदलली नाही; म्हणून ती समाजवादी नव्हती. पण मागेल त्याला काम हा हक्क कायद्याने दिला आणि त्याचा खर्च शहरातील नोकरदार व व्यावसायिकांकडून उघडपणे वसूल केला. म्हणून ती सामाजिक लोकशाहीवादी होती. तुम्हा-आम्हा प्राध्यापकांच्या वेतनपत्रकात दरमहा दिसणारी व्यवसाय कराची कपात ही त्याच तत्त्वाची खूण आहे. २००५ च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्यामागेही हा अनुभव होता.

याउलट, निवडणुकीच्या तोंडावर जाहीर होणाऱ्या रोख लाभाच्या योजनांचा विचार करावा. त्यांचे समर्थक त्यांना समाजवादी परंपरेचा वारसा देतात आणि टीकाकार 'रेवडी' म्हणून त्याच समाजवादास दोष देतात. वस्तुतः अशा योजनांत मालकीचा प्रश्न नसतो, म्हणून त्या समाजवादी नाहीत. अनेकदा त्यांना निश्चित करपाया नसतो, लाभार्थ्यांची संघटना नसते आणि पुढील अंदाजपत्रकात टिकण्याची हमीही नसते, म्हणून त्या सामाजिक लोकशाहीवादीही नाहीत. गरजू कुटुंबास त्यांतून मिळणाऱ्या दिलाशाचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. प्रश्न एवढाच की, हक्क व कृपा यांतील अंतर आपण कोणत्या शब्दांनी मोजणार?

संज्ञासंभ्रमाची खरी हानी येथे आहे. सर्वच गोष्टींना समाजवाद म्हटल्याने दोन प्रश्न चर्चेतून निसटतात. जमीन, खनिजे, बँका व समाजाची अन्य साधने यांवर निर्णयाधिकार कोणाचा असावा, हा पहिला. आणि सार्वजनिक सेवांसाठी कोणी किती कर द्यावा, हा दुसरा. समाजवादाच्या पुरस्कर्त्यास पहिला प्रश्न टाळता येतो व विरोधकास दुसरा. संभ्रम दोन्ही बाजूंच्या सोयीचा ठरतो आणि म्हणूनच तो टिकून राहतो.

निष्कर्ष

१. समाजवाद व सामाजिक लोकशाहीवाद यांचा उगम एक असला तरी आज त्या दोन भिन्न विचारप्रणाली आहेत. पहिलीचा केंद्रबिंदू मालकी व उत्पादनविषयक निर्णयाधिकार हा आहे, तर दुसरीचा वितरण, सौदाशक्ती व सार्वत्रिक सेवा हा.

२. स्वीडनमधील वेतनधारक निधीच्या पराभवावरून हा भेद प्रकाराचा असल्याचे दिसते. मालकीचा प्रश्न मागे ठेवल्याने सामाजिक लोकशाहीवादास यश लाभले, आणि तोच त्याचा कच्चा दुवाही ठरला.

३. डॉ. आंबेडकरांची 'सामाजिक लोकशाही' व युरोपीय सामाजिक लोकशाहीवाद यांची सरमिसळ मराठी अध्यापन-लेखनात टाळली पाहिजे.

४. भारतीय संविधानातील 'समाजवादी' या शब्दाचा न्यायालयमान्य आशय आज सामाजिक लोकशाहीवादाच्या जवळ आहे; परंतु त्यास आवश्यक असलेले संघटनात्मक व करविषयक आधार अद्याप क्षीण आहेत. महाराष्ट्राच्या रोजगार हमी योजनेची रचना या दृष्टीने पुन्हा अभ्यासली जाणे अगत्याचे आहे.

अध्यापकास राजकीय पक्षांची भाषा बदलता येणार नाही. परंतु वर्गात एखादे धोरण समाजवादी आहे असे विद्यार्थ्याने म्हटल्यास, मालकी कोणाची, निर्णय कोणाचा, कर कोणाचा व हक्क कोणाचा, हे चार प्रश्न त्याच्यासमोर ठेवणे आपल्या हाती आहे. त्यांची उत्तरे शोधताना धोरणास योग्य नाव कोणते, हे बहुधा त्यालाच उमगेल.